नकाशातून गळलेली झाडं

कोर्पिवारा,
ऑक्टोबरची अखेर

प्रिय यार्क्को,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू म्हणशील, हिच्या फोनला काय झालं? फोनला काही झालेलं नाही. तू तो उचलत नाहीस, एवढंच. आणि चुकून उचललास, तर त्या मासळीच्या कारखान्यातल्या गोंगाटात 'हं, हं' करत राहतोस, आणि मी आईच्या तब्येतीपर्यंत आले की नेमकं तुला तिकडून कोणीतरी बोलावतं. नॉर्वेत माणसांची एवढी टंचाई असेल असं वाटलं नव्हतं. शिवाय हे मला एका दमात सांगायचं आहे, आणि तुझा आवाज कानावर पडला तर माझ्याच्यानं ते व्हायचं नाही. बाबांबद्दल लिहायचं आहे. आत्ताच सांगून ठेवते, कारण बाबांचं नाव निघालं की तू उठून जातोस, हे मला माहीत आहे. या वेळी उठू नकोस. शेवटपर्यंत वाच.

आधी आईचं. पाय पुन्हा सुजले आहेत, आणि सौनाच्या पायऱ्या चढताना ती दोनदा थांबते. डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या आहेत. त्यांनी मला बाहेर नेऊन सांगितलं की हृदय थकलं आहे, औषध आता फक्त सोबतीला. आईला हे कोणी सांगितलं नाही, पण तिच्यापासून कधी काही लपलं आहे का? शेजारचा ताइस्तो आठवड्यातून दोनदा लाकडं टाकून जातो. परवा म्हणाला, "राइली, तू काही जात नाहीस. आम्हा सगळ्यांना पोचवूनच जाशील." त्यावर आई म्हणाली, "तुला पोचवायचं म्हणजे सहा गडी लागतील, आणि गावात धड सहा उरलेत कुठे? तेव्हा तूही इतक्यात जाऊ नकोस." दोघं हसले. मग ताइस्तो अंगणात गेला आणि बराच वेळ लाकडं रचत बसला, जी आधीच नीट रचलेली होती.

सकाळची कॉफी झाली की ती अजूनही धक्क्यावर जाते. आता काठी घेऊन जाते. धक्क्याच्या टोकाशी उभी राहून तळ्याला दटावते, तेही मोठ्यांदा. "ओइवा, पुरे झाला तुझा हट्ट. आता तरी वर ये." थंडीत तळं गोठलं की बर्फाशी बोलते. बाबा गेले त्या ऑगस्टपासून तिनं या तळ्यातला एकही मासा तोंडात घातलेला नाही. तळ्यातल्या चिमुकल्या मुइक्कू माशांशिवाय जिचं पान हलत नव्हतं, ती आता दुकानातलं सॉसेज खाते. मी एकदा वेड्यासारखं विचारलं, का? माझ्याकडे बघून म्हणाली, "ते त्याच्याजवळून येतात गं." त्यानंतर मी जाळं सौनामागं टांगून ठेवलं ते ठेवलंच.

मी काजानी शहरातली खोली सोडून कायमची इथं आले, हे तुला मागच्या फोनवर सांगितलं होतं. ऑफिसचं काम आता स्वयंपाकघरातल्या टेबलावरच चालतं. मला तू गावभर 'आकाशातून रानाची दाढी मोजणारी' म्हणायचास. तीच दाढी अजून मोजते. विमान रानावरून जातं, लेझरचे ठोके खाली सोडत जातं. काही ठोके शेंड्याला लागून परततात, काही फांद्यांतून निसटून जमिनीला टेकतात. त्यातून झाडांच्या उंचीचा नकाशा होतो. यंदा माझ्याकडे आलं ते त्या नकाशाचा पोत काढायचं काम. रानाचा माथा कुठे गुळगुळीत आहे, कुठे खडबडीत. सॉफ्टवेअर एक छोटी चौकट नकाशावरून सरकवत नेतं आणि प्रत्येक ठिकाणी बघतं, या झाडाची उंची शेजाऱ्यांशी किती जुळते. माणसानं लावलेलं रान एका वयाचं, एका उंचीचं, हात फिरवला तर कुठे अडकायचा नाही. जुनं, आपलं आपण वाढलेलं रान मात्र वर-खाली असतं. कुठे भोक, कुठे शेंडा, कुठे पोरसवदा बर्च. खडबडीत निघेल त्या रानाला हात लावायचा नाही, तिथं माणसं पाठवून पाहणी करायची, आणि गुळगुळीत निघेल ते तोडीला मोकळं. एवढा साधा हिशेब.

आमच्या पट्ट्यात होंकामाकी आली. आपली टेकडी. म्हणजे आपल्या हद्दीतली खालची निम्मी, आणि वरची सरकारी. मला काम करताना मजा वाटली. म्हटलं, बघू या यंत्र आपल्या टेकडीला काय म्हणतं. यंत्रानं तिला गुळगुळीत म्हटलं! बाबांच्या होंकामाकीला, जिथं चालताना माणसाचे घोटे मोडतात, जिथं सरळ दहा पावलं टाकता येत नाहीत, तिला लावणीचं रान ठरवून मोकळं. मला इतका राग आला की मी आमच्या प्रमुखबाईंना, पिर्योला, तिथल्या तिथं फोन लावला. ती शांतपणे म्हणाली, "मार्युत, सगळ्या टेकड्या कुणाच्या ना कुणाच्या बापाच्याच असतात. आकडे काय म्हणतात ते सांग." मी म्हटलं, आकडे खोटं बोलतायत. ती म्हणाली, "मग कुठे बोलतायत ते शोध. जमीन गोठली की तोडीची यंत्रं निघतील, त्याच्या आत शोध."

शोधायला फार लांब जावं लागलं नाही. पोत काढण्याआधी आम्ही नकाशा साफ करतो. लेझरचा ठोका कधी उडत्या पक्ष्याला लागतो, कधी नुसताच चुकतो, आणि नकाशात एकटाच एखादा काटा उभा राहतो. ना आजूबाजूला फांदी, ना पालवी. असे एकटे काटे म्हणजे चूक, असं धरून सॉफ्टवेअर ते पुसून टाकतं. सगळेच पुसतात. मीही वर्षानुवर्षं पुसत आले. आणि यार्क्को, एकटा उभा, फांदी नाही, पालवी नाही, असं आपल्या रानात काय असतं? केलो. मेलेला, साल झडून चांदीसारखा पांढरा पडलेला आणि तरी शंभर-दोनशे वर्षं न पडता उभा असलेला पाइन. होंकामाकीचे सगळे केलो आम्ही चूक समजून पुसून टाकत होतो. केलो गेले की उरतो तो खालचा स्प्रूसचा एकसारखा थर, आणि तो तर गुळगुळीतच दिसणार.

मी साफसफाई बंद केली, चौकट लहान केली आणि नकाशा पुन्हा काढला. केलो वर आले. एकेक. पडद्यावर बघताना मला बाबांचं बोट आठवलं. प्रत्येक केलोकडे बोट करून सांगायचे, हा आजोबांच्या आधीपासून मेलेला आहे, याच्यावर गरुडानं घर केलं होतं, हा वाऱ्यात शीळ घालतो. आणि तुझं नि त्यांचं भांडणही आठवलं. कुहमोचा तो लाकडी बंगले बांधणारा तुझ्याकडे केलो मागत होता. पाहुण्यांना असल्याच लाकडाच्या भिंती हव्या असतात, असं तू म्हणत होतास. बाबा एवढंच म्हणाले होते, "मेलेल्याला तरी उभं राहू दे की जरा. तुझं काय घेतलंय त्यानं?" तू म्हणालास, "मेलेल्यांनीच सगळी जागा अडवल्यावर जिवंतांनी जायचं कुठे?" चूक होतं असं मी म्हणत नाही. गावात काम नव्हतं, आणि तू थांबायचा प्रयत्न करत होतास. बाबांना ते कळत नव्हतं असंही नाही. दोघंही एकाच लाकडाचे.

मग मी जे केलं ते कोणी सांगितलेलं नव्हतं. होंकामाकीची एक जुनी मोजणीही आमच्याकडे आहे, बाबा गेले त्याच्या आदल्या उन्हाळ्यातली. तेव्हा ठोके विरळ होते, तरी उंच केलो त्यात उमटलेले आहेत. म्हटलं, या वर्षांत किती केलो पडले ते बघू. नव्या नकाशातून जुना वजा केला. वरच्या सरकारी अंगाला, दलदलीच्या पलीकडच्या उतारावर, एक केलो जुन्यात होता आणि नव्यात नव्हता. सगळ्यात उंच. शीळ घालणारा. पडला असेल, म्हटलं. मधल्या काळात दोन वादळं होऊन गेली. पण वादळात पडलेली झाडं सगळी एकाच बाजूला पडतात, ईशान्येला, आणि मुळांसकट उपटतात, त्यामुळे बुंध्याशी मातीचा उंचवटा दिसतो. नव्या मोजणीत ठोके इतके दाट आहेत की जमिनीवर आडवं पडलेलं खोडसुद्धा रेघेसारखं दिसतं. ही रेघ पश्चिमेला होती. बुंध्याशी उंचवटा नव्हता.

म्हणजे कुणीतरी तो तोडला होता. तोडला तर तोडला, चोरून केलो नेणारे पुष्कळ आहेत. पण तोडलेला केलो तिथंच होता. एवढा जिवावरचा खटाटोप करून झाड पाडायचं, आणि ते सोडून निघून जायचं? असं कोण करतं? त्या प्रश्नानं मला दोन दिवस जेवण गेलं नाही. खरं सांगते, उत्तर तेव्हाच माझ्या पोटात आलं होतं, पण मी ते वर येऊ देत नव्हते.

सप्टेंबरात आईला सांगितलं की लाल बेरी वेचायला जाते, आणि गेले. दलदलीतून जायची ती जुनी फळ्यांची वाट कुजली आहे. मला ते झाड सापडायला वेळ लागला नाही, मी नकाशावर खूण करून नेली होती. बुंधा करवतीनं कापलेला, सरळ आणि स्वच्छ, तुझ्या हातचा. केलोचा शेंडा पडताना तुटून तुकडे झालेला. सुकलेल्या झाडाचं हेच वाईट असतं, बुंधा हलला की शेंडा वरच्या वर सुटतो आणि कुठे येईल ते सांगता येत नाही. बाबांनीच आपल्याला ते शिकवलं होतं. मग मला दिसलं की खोड आणखी एका जागी कापलेलं आहे, मधोमध, आणि मधला तुकडा बाजूला लोटलेला आहे. विकायच्या मापाला कोणी असं कापत नाही. आणि ती कापणी वाकडी आहे, यार्क्को. दोनदा करवत सरकली आहे, तिसऱ्यांदा पार तिरपी गेली आहे. तुझा हात असा कधी जात नाही. मी तिथं उभी राहिले आणि मला कळलं की त्या खोडाखाली कोणीतरी होतं, आणि तू ते काढायला धडपडत होतास.

त्याच्या पलीकडे एक जिवंत पाइन आहे. त्याच्या खालच्या फांद्या पुरुषभर उंचीपर्यंत छाटलेल्या आहेत. साल सोलून चौकोन केलेला, त्यात क्रूस, बाबांची अक्षरं आणि ते वर्ष. राळ ओघळून अक्षरांवर थिजली आहे, कडा फुगून आत यायला लागल्या आहेत. मी त्या झाडाला हात लावला आणि खाली बसले. आजोबांना कबरस्तानात नेताना चौकातल्या पाइनपाशी शवपेटी टेकवली होती, आठवतं? सगळ्यांनी टोप्या काढल्या, आणि बाबांनी कुऱ्हाड तुझ्या हातात दिली. तू किती लहान होतास, आणि किती नेटकं छाटलंस. ताइस्तो म्हणाला होता, "पोरगं कार्सिक्को करायला शिकलं, आता आपण मरायला मोकळे." बाबांनी तुला सांगितलं होतं की गेलेला माणूस घरच्या ओढीनं उठून निघालाच, तर या झाडापर्यंत येतो, आपलं नाव वाचतो, आपण मेलो आहोत हे त्याला कळतं आणि तो मागे फिरतो. म्हणून खूण नेहमी वाटेच्या अंगाला करायची.

तू ती घराच्या अंगाला केली आहेस, घराकडे निघालेल्या बाबांना दिसू नये अशी. झाडाच्या पायथ्याशी दगड रचलेले आहेत, माणसाच्या लांबीचे, त्यांच्यावर शेवाळ चढलं आहे. मी एकही दगड हलवला नाही. किती वेळ बसले ते माहीत नाही. आधी रडू आलं नाही. आधी आला तो राग, असा की तू समोर असतास तर मी तुला मारलं असतं. मग तिथल्या त्या छाटलेल्या फांद्या बघून रडू आलं. इतकं नीट काम. आपल्या बापाला दगडांखाली लपवणाऱ्या माणसाला कार्सिक्को केल्यावाचून राहवलं नाही, आणि त्या एका गोष्टीनं तो पकडला गेला. तू नुसते दगड रचून गेला असतास, तर मी म्हटलं असतं, कोणीतरी परका चोर. पण परका माणूस बाबांची अक्षरं कोरणार नाही, आणि शेवटपर्यंत तिथं बसून साल सोलणार नाही.

नंतर एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसत गेली. त्या दिवशी आई डोळे दाखवायला माझ्याकडे काजानीला आली होती आणि घरी तुम्ही दोघंच होता. तू कुहमोला कामावर होतो म्हणालास, आणि कोणाला तुला विचारावंसं वाटलं नाही. होडी पलीकडच्या काठाच्या लव्हाळ्यात अडकलेली सापडली, आत बाबांची टोपी. साऱ्या गावानं तळं पिंजून काढलं, शहरातून पाणबुडे आले. सगळे पाण्याकडे बघत होते. ताइस्तोची कुत्री तेवढी होंकामाकीकडे ओढत होती. ताइस्तो अजून ते सांगतो, "खुळी होती बिचारी. माणूस पाण्यात, आणि ही आपली टेकडीकडे. यार्क्कोनं हाक मारली म्हणून परत आली." प्रत्येक वेळी तो हसतो. परवा सांगितलं तेव्हा मी चुलीकडे तोंड करून उभी राहिले. सगळ्यात जड मला ती टोपी जाते. झाड पडणं हा अपघात होता, तो मला कळतो. घाबरणं कळतं. सरकारी हद्दीतलं झाड, चोरून तोडलेलं, आणि खाली बाप, यात माणसाचं डोकं चालायचं थांबतं. पण ती टोपी डोक्यावरून काढून, टेकडी उतरून, होडीत नीट ठेवायची, यासाठी डोकं चालावं लागतं. त्या टोपीला आईनं आठवडाभर उशाशी घेतलं होतं, आणि तू बाजूला बसून होतास.

त्यानंतर वर्षभरात तू निघून गेलास. गावात म्हणाले, बापाच्या दुःखानं गेला. मीही तेच म्हणत राहिले. तुला कोणी काही बोललं तर मी भांडायची. आईनं तर तुझी खोली तशीच ठेवली आहे, दर ख्रिसमसला पडदे बदलते. "त्याला पाण्याकडे बघवत नाही, म्हणून येत नाही," असं सगळ्यांना सांगते. वेलचीचा पाव केला की दोन तुझ्या नावानं बाजूला काढते आणि मग मलाच खायला लावते. तुझ्या वाट्याचं खाऊन मी केवढी झाले आहे ते बघशील तर हसशील. हे लिहिताना मला जाणवतं आहे की मला तुझा राग राग करता येत नाही धड. मी रोज प्रयत्न करते.

नकाशाचं काय केलं तेही सांगते. जुनाच गुळगुळीत निकाल पुढे जाऊ दिला असता, तर जमीन गोठल्यावर यंत्रं होंकामाकीवर चढली असती आणि त्या दगडांवरून त्यांची चाकं गेली असती. कोणाला काही दिसलंही नसतं. तसं करण्याचा मोह झाला नाही असं नाही. एक सकाळभर मी त्या बटणाकडे बघत बसले होते. पण बाबांवरून यंत्र नेणं माझ्याच्यानं होईना. मी खरा नकाशा पाठवला, प्रत्येक केलोसकट. पिर्यो खूश झाली. म्हणाली, "शाबास, तुझ्या बापाची टेकडी वाचवलीस." आता होंकामाकी तुटणार नाही. पण ज्या टेकडीवर इतके केलो निघाले तिथं बर्फ वितळल्यावर पाहणीची माणसं येतील, प्रत्येक केलोपाशी जातील, पडलेल्या झाडांपाशीही जातील. तो पाइन त्यांना दिसेलच. मी त्याबद्दल कोणाला काही लिहिलेलं नाही, आणि त्यांना कोणी विचारलं तर मी खोटंही सांगणार नाही. उन्हाळा लागायच्या आत हे उघड्यावर येणार आहे. तू त्या आधी स्वतः पोलिसांकडे गेलास तर मी तुझ्याबरोबर येईन. नाही गेलास, तर मी अडवू शकत नाही. ते तुझं तू ठरव.

पण त्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही. ते मे महिन्यापर्यंत थांबलं असतं. गेल्या रविवारी ताइस्तो मला अंगणात बाजूला घेऊन उभा राहिला, टोपी हातात चुरगाळत. आपल्या तळ्याच्या पाण्यावर गावाचा हक्क आहे आणि तो बघणाऱ्या मंडळाचा प्रमुख सध्या ताइस्तोच आहे, हे तुला माहीत आहे. त्यानं सांगितलं की आईनं त्याला बोलावून परवानगी मागितली. तिला कबरस्तानात जायचं नाही. दहन करून राख धक्क्यावरून तळ्यात सोडा म्हणते. "ओइवा इतकी वर्षं एकटा आहे तिथं," असं म्हणाली. ताइस्तोनं रडत हो म्हटलं. पाद्रीबाईही हो म्हणाल्या. आता सगळं ठरलं म्हणून आई खूश आहे, यार्क्को, खरोखर खूश आहे. काल कितीतरी दिवसांनी केस विंचरून घेतले माझ्याकडून. डॉक्टरीणबाई म्हणतात, ख्रिसमस दिसेल असं धरून चालू नका. आणि मी आईला त्या रिकाम्या पाण्यात एकटीला सोडणार नाही. तिला बाबांजवळ जायचं आहे, तर तिला बाबा कुठे आहेत ते कळलं पाहिजे, आणि तिच्या डोळ्यांदेखत ते दगड उघडून बाबांना कबरस्तानात आणलं पाहिजे. मी तिला सांगू शकते. दोनदा तिच्या पलंगाशी जाऊन बसले, तोंड उघडलं, आणि परत फिरले. कारण मी सांगितलं की ती रडणार नाही, ओरडणार नाही, ती मला एकच विचारेल, की तो लगेच गेला का, आणि नसेल तर शेवटी काय म्हणाला. त्या वाकड्या कापणीवरून मला वाटतं की ते लगेच गेले नाहीत. पुढचं मला माहीत नाही. ते फक्त तुला माहीत आहे. ये आणि तिला सांग.

तुझीच,
मार्युत